चौथा मजला, पश्चिम : एका बागकाम गटाचं प्रकरण

मुंबईत व्हॉट्सअ‍ॅपवरचे बागकामाचे गट पैशाला पासरी मिळतील. बहुतेकांची वाट ठरलेली असते. आधी उत्साहाचा पूर, मग नुसते फुलांचे फोटो, मग सुप्रभात, मग गांडूळखताच्या जाहिराती आणि शेवटी म्यूट. ज्या गटाबद्दल इथे लिहितोय तोही याच वाटेला लागला होता. तो माघारी फिरला, आणि फिरताना त्याने काही माणसं गमावलीसुद्धा. गटाचं आणि माणसांचं नाव मुद्दाम देत नाही. मी या गटात साधा सभासद आहे, अ‍ॅडमिन नाही, त्यामुळे अ‍ॅडमिन मंडळींबद्दल बरंवाईट लिहायला मोकळा आहे.

गट निघाला 2020 च्या एप्रिलमध्ये, पहिल्या टाळेबंदीत. मुलुंड पूर्वेला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेने आपल्या इमारतीतल्या आणि जुन्या शाळेच्या ओळखीतल्या लोकांना एकत्र केलं. त्यांना गटात सगळे ‘बाई’च म्हणतात, वयाने मोठे असलेलेसुद्धा. नर्सऱ्या बंद होत्या, माती मिळत नव्हती, कोथिंबिरीची जुडी नशिबात असेल त्या दिवशी मिळायची. मग लोकांनी डब्यातले धणे हलके रगडून त्याच्या दोन फाका केल्या आणि पेरल्या, मेथीदाणा श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात टाकला, मोड आलेला बटाटा तांदळाच्या गोणीत पुरला. रोज कुणाकडे तरी काहीतरी उगवत होतं. मुलुंडपासून भांडुप, कांजूर, विक्रोळीचं कन्नमवार नगर, तिकडे ठाण्यापर्यंत माणसं जोडली गेली. तेव्हा एका गटात 256 माणसंच मावत. वर्ष संपायच्या आत गट भरला आणि आत यायला रांग लागली.

ओहोटी

2021 च्या सुरुवातीला लोकांची ऑफिसं पुन्हा सुरू झाली. दिवसभर घरात माणूस नाही, पाण्याची वेळ पहाटेची, रविवारी सगळी कामं एकदम. झाडं मरायला लागली. पण गटात मात्र फक्त फुलं दिसत होती. बशीएवढं जास्वंद, गच्च भरलेला मोगरा, विकतच्यालाही लाजवतील असे टोमॅटो. ज्याच्या ग्रिलमध्ये तीन कुंड्या आणि तिन्हींत काटक्या उरल्यात, त्याने या वरातीत आपला फोटो कुठे घुसवायचा? तो गप्प बसला. गप्प बसणारे वाढत गेले.

ज्यांनी धीर करून विचारलं त्यांचं काय झालं तेही सांगतो. या गटात सर्वात जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न असा : ‘कढीपत्त्याची पानं पिवळी पडताहेत, काय करू?’ त्यावर तासाभरात येणारी उत्तरं : आंबट ताक घाला. पाणी कमी करा. पाणी वाढवा. एप्सम सॉल्ट. कुंडी बदला. कुंडी मुळीच बदलू नका. आणि मग कृषी खात्यातून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांचं, ज्यांना गटात ‘साहेब’ म्हणतात, ठरलेलं वाक्य : ‘वर शोधा. दहा वेळा सांगून झालंय.’ विचारणारा ‘ओके, धन्यवाद’ लिहून जोडलेले हात टाकायचा. ते जोडलेले हात म्हणजे त्या माणसाचा गटातला शेवटचा संदेश, असं बहुतेक वेळा निघालं.

साहेबांचं चुकत होतं असं कुणी म्हणणार नाही. त्यांचं ज्ञान पक्कं होतं आणि त्यांनी ते खरोखरच दहा वेळा सांगितलं होतं. पण अकराव्यांदा विचारणारा माणूस पहिल्यांदाच विचारत असतो.

अ‍ॅडमिन मंडळींनी यावर तीन उपाय केले आणि तिन्ही अंगाशी आले. पहिला, नियमांचं चित्र. लाल अक्षरात बारा नियम, दर सोमवारी सकाळी. ते बघून सोसायटीच्या नोटीस बोर्डाची आठवण व्हायची, आणि तो बोर्ड लिफ्टची वाट बघतानाही कुणी वाचत नाही. दुसरा, ‘फक्त अ‍ॅडमिनच लिहू शकतील’ ही सोय चालू करणं. सुप्रभात बंद झालं हे खरं, पण त्यासोबत गटही बंद झाला. चार दिवस स्मशानशांतता, पाचव्या दिवशी बाईंनीच ते उठवलं.

तिसरा उपाय सगळ्यांत महागात पडला. रांगेतल्या लोकांना जागा करून द्यायची म्हणून, जे कधीच बोलत नाहीत त्यांना काढायचं ठरलं. एका संध्याकाळी गटात ‘यांना काढले, यांना काढले’ अशा ओळींची रांगच लागली, आणि ती सगळ्यांना दिसत होती. काढलेल्यांत कांजूरच्या एक वहिनी होत्या. त्यांनी गटात एक अक्षरही लिहिलं नव्हतं, पण वाचलेलं सगळं त्या वहीत उतरवून घेत आणि त्यांच्या चाळीतल्या पाच-सहा घरांतल्या कुंड्या त्या वहीवर चालत. हे त्यांच्या शेजारणीकडून कळलं. वेबवर माणसं कशी वागतात याचा अभ्यास करणारे जेकब नील्सन यांनी 2006 मध्ये एक ढोबळ हिशेब मांडला होता : शंभरातले नव्वद जण नुसते वाचतात, नऊ जण अधूनमधून बोलतात आणि एकच जण सतत बोलत असतो. आपल्याकडच्या कुठल्याही गावातल्या पारावर बसलात तरी साधारण हेच दिसेल. न बोलणारा माणूस आलेला नसतो असं नाही. तो ऐकायला आलेला असतो. बाईंनी काढलेल्या प्रत्येकाला स्वतः फोन करून बोलावलं. बरेच आले. वहीवाल्या वहिनी मात्र आल्या नाहीत. ‘आता शेजारणीच्या मोबाइलवर बघते,’ म्हणाल्या.

मजला, दिशा, ऊन

वळण आलं ते एका भांडणातून, आणि विषय होता टोमॅटो. मे महिन्यात विक्रोळीच्या एकाने विचारलं, जानेवारीत लगडलेला टोमॅटो आता नुसता उंच जातोय, फूल नाही, देठ पिवळट, असं का? एकाने खत सुचवलं, दुसऱ्याने औषध. मग भांडुपच्या एका बँकेत काम करणाऱ्या तरुणाने साधं विचारलं, ‘तुमची बाल्कनी कुठल्या दिशेला?’ दक्षिणेला होती.

आता हे जरा नीट सांगतो, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. मुंबई साधारण 19 अक्षांशावर आहे. सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो, मेच्या मध्याला आणि जुलैच्या शेवटी. आपण त्याला शून्य सावलीचे दिवस म्हणतो. या दोन तारखांच्या मधल्या काळात सूर्य दुपारी डोक्याच्या उत्तरेला असतो, आणि सकाळ-संध्याकाळही उत्तरेकडेच कललेला. म्हणजे दक्षिणेच्या बाल्कनीला या सव्वादोन-अडीच महिन्यांत थेट उन्हाचा कवडसाही मिळत नाही. एप्रिलपासूनच सूर्य इतका वर चढलेला असतो की वरच्या घराचा स्लॅब ऊन अडवतो. उलट डिसेंबरात दुपारचा सूर्य जेमतेम निम्म्या उंचीवर असतो, आणि त्याच बाल्कनीत ऊन थेट दिवाणखान्याच्या लादीपर्यंत येतं. विक्रोळीच्या टोमॅटोला खत कमी पडत नव्हतं. त्याचा सूर्य घराच्या पलीकडच्या बाजूला, शेजाऱ्याच्या उत्तरेच्या खिडकीत गेला होता. उपाय एवढाच, की दक्षिणेच्या बाल्कनीत टोमॅटो गणपतीनंतर लावायचा आणि होळीपर्यंत खायचा.

त्या दिवशी गटात जे झालं ते मी फार कमी ठिकाणी बघितलंय. लोक कंपासचं अ‍ॅप उघडून आपापल्या खिडकीत उभे राहिले. कुणी पूर्व समजत होता ती ईशान्य निघाली. कुणाची पश्चिम खरी होती, पण समोर बावीस मजली टॉवर, म्हणजे ऊन कागदावरच. महिनोन्‌महिने गप्प असलेल्यांनी लिहिलं : ‘तिसरा मजला, उत्तर, समोर पिंपळ.’ ‘सातवा, दक्षिण, उघडं.’ ‘तळमजला, ऊन नाही, डास आहेत.’

बाईंनी ही गोष्ट उचलली. नवा माणूस आला की त्याचं आडनाव, नोकरी, गाव विचारायचं नाही. मजला, दिशा आणि किती तास ऊन, एवढंच विचारायचं. उत्तर देणाऱ्यानेही आपलं तेच आधी सांगायचं. ‘चौथा मजला, पश्चिम, दुपारी दोन ते साडेपाच. माझा कढीपत्ता असा वाढला.’ म्हणजे ‘असं करा’च्या जागी ‘मी असं केलं आणि असं झालं’. सल्ला देणाऱ्याची उंची कमी झाली आणि घेणाऱ्याचा संकोचही. शिवाय हे शास्त्राला धरून होतं. एकाच इमारतीच्या दोन बाजूंना दोन वेगळी हवामानं असतील, तर सगळ्यांना लागू पडेल असं उत्तर द्यायचं कुणी? ते साहेबांकडेही नव्हतं.

बँकेतल्या तरुणाचं मूळ गाव तासगावकडचं. त्याच्या घरी श्री. अ. दाभोलकरांच्या ‘प्रयोग परिवारा’चं नाव घेतलं जायचं. गणित शिकवणारे दाभोलकर शेतीतज्ज्ञ म्हणून मिरवणाऱ्यांतले नव्हते. शेतकऱ्याने आपल्या मळ्यात स्वतः प्रयोग करायचा, निरीक्षण करायचं आणि ते दुसऱ्या शेतकऱ्यापुढे ठेवायचं, यावर त्यांचा भर होता, आणि त्या भागातल्या द्राक्षशेतीने त्यातून मोठी झेप घेतली. तीच पद्धत खिडकीच्या ग्रिलला लावायची, असं त्याचं म्हणणं. मुंबईत याला पूर्वपीठिकाही होती. मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील यांनी स्वयंपाकघराच्याच ओल्या कचऱ्यावर उभी केलेली बाग गटातल्या काहींना माहीत होती. गच्ची नसलेल्या माणसाने काय करायचं, हा प्रश्न तेवढा उरला होता.

मासळीचं पाणी

गटाची खरी परीक्षा 2021 च्या श्रावणात झाली.

पावसाळ्यातली मासेमारीबंदी 31 जुलैला संपते. ऑगस्टमध्ये बाजारात ताजी मासळी येते आणि त्याच सुमाराला श्रावण लागतो, हा मुंबईतला नेहमीचाच पेच. भांडुप गावठाणातल्या एका ताईंनी गुलाबाचा फोटो टाकला, टपोरा, गडद, पानं तुकतुकीत, आणि खाली लिहिलं : ‘दुसरा मजला, पूर्व. बांगडे धुतलेलं पाणी घालते.’

पहिलं उत्तर मुलुंड पश्चिमेच्या एका काकांचं. ते गुजराती, गटात मराठीतूनच लिहितात, घरात कांदासुद्धा नाही. ‘पवित्र महिन्यात असं काही इथे टाकू नये.’ त्यावर कुणीतरी हसण्याचं चित्र टाकलं. मग ‘ज्याला नको त्याने वाचू नये’. मग ‘आमच्या इमारतीत तुम्हाला घर देत नाहीत ते याचसाठी’. हे वाक्य पडलं आणि गट पेटला. घर नाकारण्याचा विषय मुंबईत कुठल्या दुखऱ्या जागी लागतो ते वाचणाऱ्याला सांगायला नको. अर्ध्या तासात गुलाब कुणाच्या लक्षातही राहिला नव्हता.

दुसऱ्या अ‍ॅडमिनला घाम फुटला. कुणी पोलिसात गेलं तर अ‍ॅडमिनला धरतात, अशी तेव्हा सर्रास समजूत होती. गटातल्या एका वकीलबाईंनी त्याला समजावलं, की मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याच वर्षी एका प्रकरणात म्हटलंय : अ‍ॅडमिनच्या हातात माणसं घेणं आणि काढणं एवढंच असतं, सभासदाने लिहिलेल्या आक्षेपार्ह मजकुराची जबाबदारी, त्यात अ‍ॅडमिनचा सामाईक हेतू दिसल्याशिवाय, केवळ तो अ‍ॅडमिन आहे म्हणून त्याच्यावर येत नाही. भीतीपोटी सगळं पुसून टाकायची घाई त्यामुळे टळली. माझ्या मते गट वाचला तो तिथे. भीतीने पुसलेलं भांडण फोनवर जातं, जिन्यात जातं, आणि तिथे बाई नसतात.

बाईंनी घर नाकारण्याबद्दलचं ते एक वाक्य काढलं आणि का काढलं ते दोन ओळींत लिहिलं. लिहिणाऱ्याला वेगळा फोन केला. बाकी सगळं तसंच ठेवलं. आणि मग गटात ताईंना विचारलं : किती पाण्यात किती? वास राहतो का? मांजरं येत नाहीत?

ताईंनी तीन मिनिटांचा आवाजी संदेश पाठवला. मागे कुकरची शिट्टी, मुलाला ओरडणं, सगळं त्यात. तीन मिनिटं कोण ऐकणार? पण ड्युटीवरच्या मुलीने ऐकून खाली दोन ओळी लिहिल्या. (ही ड्युटी काय ते पुढे येईल.) पहिलं धुणं रक्ताचं, तेच घ्यायचं, दुसऱ्यात मीठ-हळद असते म्हणून नको. बादलीभर पाण्यात तांब्याभर. खोडापासून वीतभर लांब, माती उकरून आत ओतायचं आणि वरून कोरडी माती ओढायची, म्हणजे मुंग्या आणि मांजर दोन्ही येत नाहीत. पंधरा दिवसांतून एकदा, आणि ज्या दिवशी खालच्यांचे कपडे वाळत असतील त्या दिवशी नाही. हे शेवटचं मला सर्वात पटलं. मुंबईतल्या बागकामाचं निम्मं शहाणपण खालच्या मजल्यावरच्या दोरीकडे बघण्यात असतं.

साहेबांनी त्यात भर घातली. माशाचं टाकाऊ आणि गूळ सारख्या वजनाने मुरवून जो अर्क करतात, तो पाण्यात अगदी थोडा घालून शेतकरी फवारतात, त्यातून मुख्यतः नत्र, म्हणजे नायट्रोजन, मिळतं. मग बाईंनी काकांना विचारलं, तुमच्या मोगऱ्याला काय घालता? काकांनी दिवसभर उत्तर दिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी लिहिलं : ‘सहावा मजला, वायव्य. शेंगदाण्याची पेंड तीन दिवस भिजवून, गाळून, दहापट पाण्यात.’ साहेबांनी त्याखाली लिहिलं, ‘यातही नत्रच.’

गळाभेट वगैरे झाली नाही. दोन कुटुंबं गट सोडून गेली, एक इकडचं, एक तिकडचं. काका राहिले, ताईही राहिल्या. दोघं एकमेकांच्या फोटोंना अंगठा दाखवत नाहीत. पण त्यानंतर एक रीत पडली : खत काय घालता हे कुणीही सांगावं, दुसऱ्याने काय घालू नये हे कुणी सांगू नये.

गेलेली झाडं

रविवार सकाळ मेलेल्या झाडांची, ही कल्पना बँकेतल्या तरुणाची. सुरुवातीला लोक कचरले. मग विक्रोळीच्या एकाने मेलेला गुलाब वर्तमानपत्रावर उपडा केला. कुंडीतलं मिश्रण, कोकोपीट आणि शेणखत, ओलं, भुसभुशीत, गळून पडलं. आत राहिला नारळाएवढा लाल चिकणमातीचा गोळा, नर्सरीतून आला तसाच. त्याने तो भाजीच्या सुरीने कापला. आतून विटेसारखा कोरडा. मुळं गोळ्यातच वळसे घेऊन मेलेली. वर्षभर घातलेलं पाणी गोळ्याच्या कडेकडेने, मऊ मिश्रणातून खाली निघून जात होतं आणि झाड बाहेरून ओल्या दिसणाऱ्या कुंडीत तहानेने मेलं होतं.

त्या फोटोखाली जितकं बोलणं झालं तितकं कुठल्याच फुलाखाली झालं नव्हतं. कारण गुलाब मारलेला नाही असा माणूस गटात सापडणं कठीण. लोकांनी आपापले गोळे फोडून बघितले. साहेबांना इथे त्यांची जागा सापडली. नर्सरीतून आणलेलं झाड पिशवी काढून बादलीत बुडवायचं, बुडबुडे थांबेपर्यंत ठेवायचं, मग बाहेरची चिकणमाती बोटांनी हलक्या हाताने सैल करायची, मुळं न तोडता. गुलाब फार नाजूक असेल तर निदान दोन-तीन ठिकाणी गोळ्याला भोकं पाडायची. हे ते दर रविवारी सांगतात, दहापेक्षा जास्त वेळा सांगून झालंय, आणि आता चिडत नाहीत. जिवंत झाडाबद्दलचा तोच तोच प्रश्न त्यांना कंटाळवाणा वाटायचा; मेलेलं झाड दर वेळी वेगळं निघतं. मी असं ऐकलंय की ते शनिवारी रात्रीच विचारतात, उद्या कोण गेलंय?

हातातून हातात

15 ऑगस्ट 2021 पासून लशीच्या दोन मात्रा झालेल्यांना लोकल उघडली आणि देवाणघेवाण सुरू झाली. ठिकाण स्टेशनची तिकीट खिडकी, वेळ दुपारची, गर्दी उतरल्यावर. गवती चहाचा ठोंब, पानओव्याची फांदी, अळूचे कंद, मायाळूच्या बिया, ब्रह्मकमळाचं पान ओल्या कागदात गुंडाळून. पैसे नाहीत. गटात कधी न बोलणारे इथे हटकून येतात. हे आधी ठाऊक असतं तर त्यांना काढायचा विचारही कुणाच्या मनात आला नसता.

ब्रह्मकमळावरून आठवलं. पावसाळ्यात ते रात्री उमलतं आणि पहाटेपर्यंत मिटतं, त्यामुळे त्या रात्री गट दीडदीड वाजेपर्यंत जागा असतो. पूर्वी असा फोटो आला की ‘खरं ब्रह्मकमळ हिमालयात, हे निवडुंगाच्या कुळातलं’ हे वाक्य पाच मिनिटांत यायचं. ते वाक्य शंभर टक्के बरोबर आहे. पण रात्री एक वाजता वर्षातून एकदा उमललेल्या फुलाखाली ते लिहिण्याची काही गरज नसते, हे हळूहळू कळलं. आता ते दुसऱ्या दिवशी दुपारी येतं.

पावसाळ्यातच दर रविवारी आणखी एक संदेश येतो : ‘ताटल्या ओता.’ डेंग्यूचा एडिस डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात अंडी घालतो, अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो, म्हणून कुंडीखालच्या ताटल्या, मनीप्लांटची बाटली, लकी बांबूचं भांडं आठवड्यातून एकदा रिकामं करून घासून ठेवायचं. महापालिकेची माणसं इमारतीत तपासणीला येतात आणि अळ्या सापडल्या तर दंडही होतो. बागवाल्यांवर सोसायटीचा राग असतो तो गळणाऱ्या पाण्याने आणि डासांनी. सेक्रेटरीला बोलायला जागा ठेवायची नाही, हा त्यामागचा व्यवहार.

अळीवरूनही एकदा वाजायची वेळ आली होती, पण थोडक्यात सांगतो. घाटकोपरच्या एका नव्या मुलीने लिंबाच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही दिसतंय म्हणून फोटो टाकला आणि ‘काय फवारू’ विचारलं. ती लिंबावरच्या फुलपाखराची लहान अळी होती; मोठी झाली की हिरवी होते आणि डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी शिंग काढून उग्र वास सोडते. याच कुळातलं ब्ल्यू मॉर्मन 2015 पासून आपलं राज्य फुलपाखरू आहे. जुन्या गटात फवारणी विचारणाऱ्या त्या मुलीला निर्दय ठरवून मोकळे झाले असते. इथे आधी प्रश्न गेला : रोप केवढं? वीतभर, दहा पानांचं. मग एकाने लिहिलं, माझ्याकडे मोठं झाड आहे, अळी डबीत घालून आण, माझ्या झाडावर सोड. ती घेऊन गेली.

ड्युटी

आता ती ड्युटी. दर आठवड्याला एक माणूस, तज्ज्ञ नसलेलाच. कुठलाही प्रश्न रात्रभर विनाउत्तर पडू द्यायचा नाही, एवढंच काम. उत्तर येत नसेल तर मजला-दिशा-ऊन विचारायचं, आणि खालच्या भोकातून पाणी निघतं का ते विचारायचं. लांब आवाजी संदेशाचा दोन ओळींत गोषवारा द्यायचा, म्हणजे टाइप न येणाऱ्या आजींचं बोलणं वाया जात नाही. हिंदीत किंवा गुजरातीत विचारलं तर शक्यतो त्याच भाषेत उत्तर. ड्युटी करून गेलेला माणूस नंतर कुणालाही ‘वर शोधा’ म्हणत नाही, असा आमच्याकडचा अनुभव आहे. नियमांचं चित्र आपोआप बंद पडलं.

गट आता बरा चाललाय, पण सगळं जमलंय असं नाही. 2022 मध्ये मर्यादा आधी 512 आणि मग 1024 वर गेली. तरुणाचं म्हणणं, दारं उघडा. बाईंचं म्हणणं, हजार माणसांची दिशा कोण लक्षात ठेवणार? तडजोड म्हणून उपनगरांप्रमाणे छोटे गट पाडले. विक्रोळीचा जोरात आहे. भांडुपचा तीन महिन्यांत सुप्रभातवर आला, कारण तिथे ड्युटी कुणी घेत नाही. मुख्य गटातली पद्धत लिहून पाठवली तरी ती घेणारा माणूस लिहून पाठवता येत नाही. मासळीच्या पाण्यावाल्या ताईंना विचारलं होतं. त्यांनी नाही म्हटलं : दुकान बघायचं, मुलाची दहावी. दिवाळीनंतर बघू म्हणाल्या.

खत विकणाऱ्यांचंही अजून भिजत घोंगडं आहे. शनिवारीच जाहिरात, तीही स्वतः बनवलेल्या मालाची, असं ठरलंय. पण विकणारेच ड्युटीला सर्वात आधी हात वर करतात, आणि मग त्या आठवड्यात प्रत्येक पिवळ्या पानाला गांडूळखतच कमी पडलेलं असतं. विकणाऱ्याला ड्युटी देऊ नये असं माझं मत. बाईंचं तसं नाही. येत्या रविवारी, गेलेली झाडं झाली की, यावर बोलायचंय.